रीत दाखवणारी वही : ईमॅक्समधली चालणारी टिपणे



गणिताच्या वह्या तपासताना आपण सगळेच एक शेरा मारतो : "उत्तर बरोबर, पण रीत कुठे?" नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून पूर्ण गुण देत नाही आपण. शेजारच्या वहीतून उतरवलं असेल, अंदाजाने आलं असेल, कोण जाणे.

आता हाच शेरा आपल्या स्वतःच्या कागदांवर मारायचा झाला तर? पोषण आहाराचा मासिक अहवाल घ्या. त्यात लिहिलेलं असतं : तांदूळ इतके किलो, डाळ इतके किलो. आकडा असतो, सही असते. तो आकडा कसा आला, हे मात्र त्या कागदावर नसतं. ते असतं कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर, जो आपण लगेच पुसून टाकतो, किंवा कुठल्यातरी कच्च्या कागदावर, जो जून महिन्यात रद्दीत जातो. मग बदली होते. नवीन बाई किंवा गुरुजी कपाट उघडतात. त्यांना आकडे मिळतात, रीत मिळत नाही. केंद्रप्रमुखांनी विचारलं की "हे १२.२ किलो कसे आले?" तर उत्तर देणारा माणूस तालुका बदलून गेलेला असतो.

यावर एक उपाय मी वापरते. तो थोडा आडवळणाचा आहे, हे आधीच सांगते. पण समजून घेण्यासारखा आहे, म्हणून आजचा लेख. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. गुणाकार-भागाकार येतो ना? बस्स.

उपाय म्हणजे 'चालणारी टिपणे'. साधी वही कल्पना करा. तिच्यात तुम्ही मराठीत मजकूर लिहिता : "पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम." त्याच्या खाली तुम्ही हिशेब मांडता. आणि त्या हिशेबावर बोट ठेवून सांगता, "कर!" वही स्वतः तो हिशेब करते आणि उत्तर त्याच पानावर, हिशेबाच्या खाली लिहिते. स्पष्टीकरण, रीत आणि उत्तर, तिन्ही एकाच पानावर. उद्या मुलांची संख्या बदलली तर आकडा बदलायचा आणि पुन्हा "कर!" म्हणायचं.

ही वही ज्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते त्याचं नाव ईमॅक्स. हा एक मजकूर लिहिण्याचा संपादक आहे, म्हणजे नोटपॅडचा फार थोरला भाऊ म्हणा. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्याचं मूळ रूप तयार झालं. आज आपण जो वापरतो तो जीएनयू ईमॅक्स, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली लिहायला घेतला. तो मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही फारशी कुरकुर करत नाही. त्याची खासियत अशी की त्याच्या पोटात लिस्प नावाची एक आख्खी प्रोग्रामिंग भाषा बसलेली आहे. संपादकाचा मोठा भाग त्याच भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे ज्या भाषेत तो बनलाय, तीच भाषा तुम्ही त्याच्याशी बोलू शकता.

खरं वाटत नाही? मग वहीआधी एक छोटा प्रयोग करा. ईमॅक्स उघडा. सुरुवातीला स्वागताचं पान आलं तर क्यू दाबा. 'स्क्रॅच' नावाचं एक कोरं पान दिसेल. ती आपली पाटी समजा. तिच्यावर लिहा :

(+ ६२ ४०)

आणि ओळीच्या शेवटी कर्सर असताना कंट्रोल दाबून जे दाबा. खाली १०२ उमटेल. बस, तुम्ही प्रोग्राम लिहिला आणि चालवला! फक्त एक लक्षात घ्या. हा लेख देवनागरीत आहे म्हणून मी आकडे आणि आज्ञा देवनागरीत लिहिते आहे. संगणकावर मात्र आकडे इंग्रजी टाइप करायचे, आज्ञाही इंग्रजी अक्षरांतच. लिस्पला देवनागरी ६२ दिलात तर तो त्याला आकडा समजतच नाही. कुणाचं तरी नाव असेल असं समजतो आणि "या नावाचं माझ्याकडे काही नाही" अशी तक्रार करतो. पायथॉन भाषेचं याच्या उलट आहे बरं का. तिथे मजकुरातला देवनागरी ६२ आकड्यात बदलून मागितला तर ती मुकाट्याने बदलून देते. लिस्प जुन्या वळणाची, १९५८ सालातली. तेव्हा देवनागरीचा विचार कोण करणार?

अधिकचं चिन्ह आधी का, असं तुम्ही विचाराल. आपण "६२ अधिक ४०" म्हणतो, लिस्प म्हणते "बेरीज कर, कशाची तर ६२ आणि ४० ची". मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इथे ते सुरुवातीला येतं, इतकंच. कंसात कंस घातला की मोठी रीत तयार होते. आपल्या तांदळाची रीत अशी :

(/ (+ (* ६२ १००) (* ४० १५०)) १०००.०)

आतून बाहेर वाचा, पदावली सोडवताना मुलांना सांगतो तसंच. पहिली ते पाचवीची ६२ मुलं गुणिले १०० ग्रॅम, सहावी ते आठवीची ४० मुलं गुणिले १५० ग्रॅम, दोन्हींची बेरीज, आणि किलो करण्यासाठी भागिले १०००. उत्तर १२.२. शेवटच्या १००० पुढचं ते "पॉइंट शून्य" विसरण्यासारखं दिसतं, पण तिथेच गंमत आहे. ते काढून नुसतं १००० लिहिलं तर लिस्पला वाटतं की पूर्णांकांचा भागाकार हवाय. मग ती भागाकार १२ सांगते आणि बाकी सोडून देते. रोजचे २०० ग्रॅम तांदूळ असे गायब होतील आणि कागदावर कुठेही खाडाखोड दिसणार नाही. नुसतं उत्तर लिहिलेलं असतं तर ही चूक कुणाला सापडली असती का? रीत समोर असली की सापडते.

आता पाटीवरून वहीकडे. ईमॅक्समधल्या या वहीला 'ऑर्ग मोड' म्हणतात. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या, ॲमस्टरडॅममधल्या एका खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये स्वतःची टिपणं आणि कामं नीट ठेवता यावीत म्हणून तो सुरू केला. पुढे २००७ पासून तो ईमॅक्ससोबतच मिळू लागला. वेगळं काही बसवावं लागत नाही. टिपणातला कोड चालवण्याची सोय त्यात नंतर आली. एरिक शुल्ट आणि डॅन डेव्हिसन या दोघांनी ती रचली आणि तिला 'बेबल' नाव दिलं, कारण एकाच पानावर अनेक भाषांमधला कोड चालवता येतो. यामागचा विचार त्याहून जुना आहे. डोनाल्ड नुथ या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मांडलं होतं की प्रोग्राम लिहिताना यंत्राला काय करायचं ते सांगण्यापेक्षा, आपण यंत्राकडून काय करून घेऊ इच्छितो ते माणसाला समजावून सांगण्यावर भर द्यावा. आपण शिक्षक लोक! आपल्याला हे पटायला वेळ लागू नये.

वही सुरू करायची म्हणजे फाईल उघडायची. कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एफ, आणि नाव द्या, शेवटी 'डॉट ऑर्ग' जोडून. इथे नवख्या माणसाची पहिली अडचण येते. ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नाही. कितीतरी आज्ञांची ती सुरुवात आहे. घाबरू नका. काही भलतंच झालं, खाली कसला तरी प्रश्न येऊन थांबला, तर कंट्रोल-जी दाबा. त्याचा अर्थ "राहू दे". आणि साठवायला कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस. एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आठवड्याभराने तो कागद काढून टाकाल.

दुसरी अडचण खास आपली. संगणकाचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर टाकला की अनेकदा शॉर्टकट अडतात, कारण सी च्या जागी म उमटतो आणि ईमॅक्सला "कंट्रोल-म" ही आज्ञा माहीत नसते. म्हणून कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि ईमॅक्सची स्वतःची देवनागरी वापरा. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबा, पद्धतीचं नाव विचारलं की 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' असं इंग्रजी अक्षरांत लिहा. त्यानंतर तीच कळ मराठी-इंग्रजी आलटून पालटून देते आणि शॉर्टकटही चालू राहतात.

वहीत मथळा लिहायचा तर ओळीच्या सुरुवातीला एक तारा आणि मोकळी जागा. उपमथळ्याला दोन तारे. मथळ्यावर टॅब दाबलं की खालचा मजकूर मिटतो, पुन्हा दाबलं की उघडतो. वर्षभराची टिपणं एका फाईलमध्ये ठेवली तरी ती अंगावर येत नाहीत.

तक्ता करायला उभ्या रेघेचं चिन्ह पुरतं :

| वार | पहिली ते पाचवी | सहावी ते आठवी | तांदूळ किलो |
|-
| सोमवार | ६२ | ४० | |
| मंगळवार | ५८ | ३७ | |
| बुधवार | ६४ | ४१ | |

मध्ये कुठेही टॅब दाबा. दुसऱ्या ओळीतलं ते अर्धवट चिन्ह पूर्ण आडवी रेघ होतं आणि रकाने सरळ होतात. म्हणजे व्हायला हवेत. आपल्या जोडाक्षरांची आणि मात्रांची रुंदी इंग्रजी अक्षरांसारखी ठरावीक नसते, त्यामुळे मराठी तक्त्याच्या रेघा जराशा वाकड्याच राहतात. हिशेबाला त्याने काही बाधा येत नाही. डोळ्यांना खटकतं खरं, पण माझी तक्रार नाही.

तक्त्याच्या लगेच खाली सूत्राची ओळ लिहायची. तिची सुरुवात हॅश, अधिक, 'टीबीएलएफएम' आणि विसर्गासारखे दोन टिंब अशी, आणि पुढे :

$४=($२*१००+$३*१५०)/१०००

डॉलर दोन म्हणजे दुसरा रकाना, डॉलर चार म्हणजे चौथा. या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबा. चौथ्या रकान्यात १२.२, ११.३५ आणि १२.५५ येतील. तीन दिवसांचे मिळून ३६.१ किलो. तोंडी ताळा करून पाहा.

"हे तर एक्सेलमध्येही होतं की बाई!" होतं ना. आणि नुसत्या तक्त्यापुरतं काम असेल तर एक्सेलच वापरा, मी अडवणार नाही. फरक इतकाच की एक्सेलमध्ये सूत्र त्या चौकटीच्या आत लपलेलं असतं, आणि १५० कुठून आले हे सांगायला जागा शोधावी लागते. इथे सूत्र तक्त्याखाली उघड्यावर असतं आणि त्याच्या वर चार ओळी मराठीत लिहायला कुणाची आडकाठी नसते. शिवाय ही फाईल म्हणजे साधा मजकूर आहे. ईमॅक्स नसलेल्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली तरी रीत वाचता येते. ती चालणार नाही, पण वाचता येईल. पुढच्या शिक्षकाला ईमॅक्स यायलाच हवं अशी अट मला घालायची नव्हती, म्हणून ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सूत्रात न मावणारी रीत असेल तर कोडचा ब्लॉक वापरायचा. कंट्रोल-सी, मग कंट्रोल आणि स्वल्पविराम, मग एस. "बिगिन" आणि "एंड" अशा दोन ओळींची चौकट तयार होते. पहिल्या ओळीत भाषेचं नाव लिहायचं, इमॅक्स-लिस्प. मध्ये आपली मघाची कंसांची रीत. चौकटीत कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल-सी दोनदा. आता ईमॅक्स विचारतो : हा कोड चालवू का, हो की नाही? "येस" असं पूर्ण लिहिलं की चौकटीखाली 'रिझल्ट्स' अशी ओळ आणि तिच्याखाली उत्तर. लिस्प लगेच चालते. पायथॉन किंवा दुसरी भाषा हवी असेल तर ती संगणकावर बसवून ऑर्गच्या सेटिंगमध्ये एकदा चालू करावी लागते. तक्त्याला नाव दिलं तर तोच तक्ता कोडच्या ब्लॉकला देताही येतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तो "हो की नाही" प्रश्न त्रासदायक वाटतो. दिवसातून वीस वेळा आला की बंद करावासा वाटतो, आणि बंद करताही येतो. करू नका. या वहीतलं टिपण हे नुसतं टिपण नाही, ते काम करतं. चांगलं काम करू शकतं तशी फाईल पुसूही शकतं. स्वतःच्या टिपणाला "येस" म्हणणं वेगळं आणि व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या फाईलला म्हणणं वेगळं. दुसऱ्याची वही आधी वाचायची, कळली तरच चालवायची. तक्त्याच्या सूत्रातही लिस्प लिहिता येते, म्हणून ती ओळसुद्धा वाचायची. मुलांना आपण सांगतो ना, न वाचता सही करू नका म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपुस्तकं पटकन सांगून पुढे जातात पण मला मोठी वाटते. खाली उमटलेलं उत्तर आपोआप बदलत नाही. मंगळवारी तुम्ही ५८ चे ५५ केले आणि पुन्हा चालवलं नाही, तर ११.३५ तसंच राहतं. पान पाहणाऱ्याला वाटतं रीत वर आहे, उत्तर खाली आहे, म्हणजे जुळतच असणार. एक्सेल इथे आपल्यापेक्षा सरस आहे, तो लगेच बदलतो. ऑर्गमध्ये ती जबाबदारी आपली. मी एक सवय लावून घेतली आहे. अहवाल पाठवण्याआधी फाईल वरपासून खालपर्यंत एकदा पूर्ण चालवायची, तक्ते आणि ब्लॉक सगळे, आणि मगच आकडे उतरवायचे. कच्च्या कामाच्या कागदापेक्षा या वहीचं एवढंच जास्तीचं मागणं आहे. तेही केलं नाही तर ही वही त्या कागदापेक्षा जास्त फसवी, कारण ती नीटनेटकी दिसते.

वही बाहेर द्यायची असेल तर कंट्रोल-सी कंट्रोल-ई दाबा. पर्यायांची यादी येते. त्यातून वेबपान किंवा लिबर ऑफिसमध्ये उघडणारी फाईल तयार होते. प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या ओळीत सांगता येतं की बाहेर काय जावं : फक्त रीत, फक्त उत्तर, की दोन्ही. पालकसभेला वाटायच्या कागदावर मी फक्त उत्तरं ठेवते, शाळेच्या फाईलला लावायच्या प्रतीत दोन्ही. दोन्ही कागद एकाच वहीतून निघतात, त्यामुळे एकात १२.२ आणि दुसऱ्यात १२.५ असा घोळ होत नाही.

पोषण आहार हे एक उदाहरण झालं. हजेरीची टक्केवारी, सहलीची वर्गणी, चाचणीच्या गुणांची सरासरी, शाळा सुधारणेचा जमाखर्च, जिथे आकड्यामागे काहीतरी कारण आहे तिथे ही वही उपयोगी पडते. जिथे कारणच नाही, नुसतं मागवलं म्हणून भरायचं आहे, तिथे सरळ ऑनलाइन फॉर्म भरा आणि मोकळे व्हा. इतर ठिकाणी ज्युपिटर नोटबुक नावाची याच जातीची वही मिळते, ब्राउझरमध्ये चालते आणि दिसायलाही देखणी आहे. पायथॉन शिकायचं असेल तर कदाचित तीच सोपी पडेल. पण तिची फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहा एकदा, मग मी साध्या मजकुरावर का अडून बसते ते कळेल.

आता तुमचा गृहपाठ. वरचा तक्ता आणि लिस्पची रीत, दोन्ही एका फाईलमध्ये टाइप करा. सोमवारचे ६२ दोन्हीकडे ६० करा आणि पुन्हा चालवा. तक्त्यात १२ आलं आणि ब्लॉकखाली १२.० आलं तर सगळं बरोबर चाललंय. दोन्हींत हा फरक का, याचं उत्तर वर येऊन गेलंय. शोधा आणि खाली कॉमेंटमध्ये लिहा, रीतीसह.